रस्ता, साकव, खारबंधारा वाचवायला गवत-झाडं कामी येतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोकणातल्या आणि घाटाखालच्या गावांचे सरपंच, सदस्य, कनिष्ठ अभियंते आणि दर पावसाळ्यात ज्यांचा रस्ता तुटतो अशा सगळ्यांसाठी आहे. प्रश्न ग्रामसभेत, साइटवर आणि फोनवर येतात तसेच ठेवले आहेत.

‘निसर्गाधारित उपाय’ म्हणजे शेवटी वृक्षारोपणच ना?

नाही. वृक्षारोपणात खड्डा, रोप आणि फोटो झाला की काम संपतं. इथे प्रत्येक रोपाला काम नेमून दिलेलं असतं. भरावाच्या उतारावर वाळा (खस गवत) लावला तर त्याने माती धरायची. खारबंधाऱ्याबाहेर, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाबाहेर, तिवरं (कांदळवनाची झाडं) राखली तर त्यांनी लाट बंधाऱ्यावर येण्याआधी मोडायची. रस्त्याच्या वरच्या अंगाला समतल चर खणले तर त्यांनी डोंगराचं पाणी एकदम गटारात न सोडता थोडं थोडं सोडायचं. नदीकाठची पूरजमीन मोकळी ठेवली तर तिने महापुराचं पाणी दोन-चार दिवस पोटात घ्यायचं. काम नेमून दिलेलं नसेल तर ती हिरवळ आहे. हिरवळ चांगलीच, पण तिच्या भरवशावर रस्ता सोडू नका.

सिमेंटची भिंत मजबूत की गवत? सरळ सांगा.

भिंत का पडते ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी पावसाने भिंतीला समोरून धक्का दिलेला नसतो, मागची माती पाणी पिऊन फुगलेली असते. कुठल्याही घाटरस्त्याला जुलैत उतरून पाहा. संरक्षक भिंतीच्या मधोमध पोट सुटल्यासारखा फुगवटा, त्यावरून तिरकी गेलेली भेग, आणि पाणी निघून जायला ठेवलेल्या पाइपांच्या तोंडात माती, पालापाचोळा नाहीतर चक्क सिमेंटच बसलेलं. काही ठिकाणी पाइपाचा तुकडा नुसता दर्शनी भागात खोचलेला असतो, मागे जाळी-खडी काहीच नाही. अशी भिंत म्हणजे पाणी साठवायची टाकी, आणि टाकी म्हणून तिचं डिझाइन कोणी केलेलं नसतं.

वाळ्याचं गणित वेगळं आहे. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. माती मऊ असेल तर तीन-चार मीटरपर्यंत. बारीक मुळाची ताण सहन करायची ताकद साधारण ७५ मेगापास्कल मोजली गेली आहे, म्हणजे साध्या पोलादाच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतकी. हा आकडा सभेत सांगायला छान वाटतो, पण तो एकेका मुळाचा आहे, अख्ख्या उताराचा नाही. खरा फायदा असा की दाट ओळ वरून येणारं पाणी गाळते, त्याचा वेग मारते आणि गाळ आपल्या पायाशी धरून ठेवते. गाळात पुरली गेली की वरच्या पेरांनाही मुळं फुटतात. दरवर्षी थोडी थोडी मजबूत होत जाणारी दुसरी बांधकाम सामग्री मला माहीत नाही.

वाळा लावायची पद्धत काय?

इथेच नव्वद टक्के घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

ठोंब जुन्या बेटातून काढायचे. दोन-तीन फुटवे एकत्र ठेवून पात वीतभर राखून वरची छाटायची, मुळंही थोडी छाटायची. ओळ समतल रेषेवर, उताराला आडवी. ओळीत दोन ठोंबांत १० ते १५ सेंटीमीटर. अंतर वाढवलं की फटी राहतात, पाणी त्या फटींतूनच वाट काढतं आणि आठवड्याभरात घळ तयार. भरावाच्या उतारावर दोन ओळींमधलं उभं अंतर एक ते दोन मीटर ठेवतात. माती जितकी हलकी, ओळी तितक्या जवळ. ‘एवढे ठोंब बसत नाहीत एस्टिमेटमध्ये’ म्हणून ठोंबांतलं अंतर फूटभर करू नका. त्यापेक्षा ओळी कमी करा, पण ओळ सलग असू द्या.

लागवड जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लगेच. ऑगस्टमध्ये लावलेला वाळा जगतो, पण त्या वर्षीचा पाऊस तोवर निघून गेलेला असतो. पंधरा-वीस दिवसांनी नांग्या भरायच्याच, म्हणजे मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे लावायचे. एक ठोंब मेला तर एक दात पडला असं समजू नका, तिथून ओळ फुटते. दिवाळीनंतर पात गुडघ्याएवढी ठेवून कापली की फुटवे वाढतात. सावली मात्र त्याला अजिबात चालत नाही. शेजारी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावलीत तर तीन-चार वर्षांत वाळा विरळ होत जाईल.

मुळांना वास आहे, बाजारभाव आहे, त्यामुळे कोणीतरी ती खणून न्यायला येतंच. ओळीवर पाटी लावून काही होत नाही. बचतगटाला दुसरीकडे, सपाट जागेवर वाळ्याची लागवड करून द्या, म्हणजे रस्त्याच्या उताराकडे कोणी कुदळ घेऊन येणार नाही.

म्हणजे वाळा लावला की दरड कोसळणार नाही?

असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून ठोंब घेऊ नका.

मुळं जिथवर पोहोचतात तिथवरची माती धरली जाते. वरचा दीड-दोन मीटरचा थर पावसाने सोलवटून येतो, त्याला गवत-झुडपांनी चांगला आळा बसतो. पण जांभ्याखालच्या मऊ चिकणमातीत पाणी मुरून अख्खा डोंगरउतार खोलवरून सरकायला लागला तर वरचं गवत त्याच्यासोबत खाली येतं. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेलं. अशा पावसापुढे वाळ्याच्या ओळींची भाषा करणं शहाणपणाचं नाही. तिथे माणसं वेळेत हलवणं हाच उपाय.

कोकण रेल्वेचा अनुभव याबाबतीत उपयोगी आहे. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये आंबवलीला दरडीमुळे गाड्या घसरून माणसं गेली. त्यानंतर या मार्गावर कटिंगचे उतार सौम्य करणं, सुटे दगड काढणं, लोखंडी जाळ्या, रॉक बोल्ट, काँक्रीटचा फवारा अशी कामं मोठ्या प्रमाणावर झाली, आणि मातीच्या उतारांवर वाळाही लावला गेला. क्रम लक्षात घ्या. खडकाला बोल्ट, सुट्या दगडांना जाळी, मातीला वाळा, आणि या सगळ्यांच्या आधी माथ्यावरचं पाणी बाजूला नेणारं गटार. वरचं गटार तुंबलेलं असेल तर खालचं कुठलंच काम टिकत नाही, मग ते हिरवं असो की करडं.

पुलाचे खांब नदीकाठच्या झाडांनी वाचतील का?

खांबाचा पाया वाचणार नाही. पुराच्या वेगाने खांबाभोवती भोवरा तयार होतो आणि पायाखालची वाळू-खडी उपसली जाते. ती पूर ओसरताना परत भरते, म्हणून उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. अशा पुलांना खोल पाया, भरपूर दगड आणि पाण्याखालची नियमित पाहणी लागते. त्याला पर्याय नाही.

झाडांचा उपयोग आहे तो पुलाच्या दोन्ही अंगांच्या काठांना आणि जोडरस्त्याच्या भरावाला. साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, बऱ्याचदा स्वतः शाबूत राहतो आणि दोन्ही बाजूंचा भराव जातो. मग पऱ्याच्या (ओढ्याच्या) मधोमध साकव उभा, आणि लोक गुडघाभर पाण्यातून त्याच्या शेजारून चालताहेत. हे दृश्य कोकणात नवीन नाही. भरावाच्या पायथ्याशी दगडी पिचिंग (उतारावर बसवलेले दगड), त्याच्या वर वाळा, आणि काठाला लवचीक झुडपं असं केलं तर हा भाग टिकतो.

काठाला कोणती झाडं लावायची?

पाण्यालगत पुरात आडवं होऊन परत उभं राहणारं काहीतरी: शेरणी, लव्हाळी, वाळुंज. त्याच्या वरच्या टप्प्यात करंज, जांभूळ, उंबर. बांबू चांगला, पण त्याची मुळं उथळ असतात, म्हणून अगदी कड्याच्या टोकाला नको. तिथे बेटासकट काठ कोसळतो. पुलाच्या वरच्या अंगाला लगेच मोठी झाडं तर नकोतच. ती उन्मळून आली की खांबांत अडकतात, त्यांना जलपर्णी आणि कचरा अडकतो, आणि पुलाचा बंधारा होतो.

निलगिरी? नको.

‘नदीला जागा द्या’ म्हणतात. आमची घरं कुठे नेऊ?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर नाही.

कल्पना नेदरलँड्समधली. १९९५ मध्ये ऱ्हाइनच्या शाखांना एवढा पूर आला की सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. शेकडो वर्षं बांध उंच करत आलेला हा देश त्यानंतर उलटा विचार करू लागला. तीसहून अधिक ठिकाणी बांध मागे घेतले, जुने फाटे उघडले, पूरजमीन खोल केली. नायमेखेन शहरात वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे नेऊन नदीला शेजारी दुसरा प्रवाह काढून दिला. त्यासाठी घरं उठवावी लागली, लोकांनी विरोधही केला. पण भरपाई आणि बोलणी आधी झाली, जेसीबी नंतर आला. आपल्याकडे नक्कल करायचीच तर या क्रमाची करावी.

आपल्या जवळचं उदाहरण कोल्हापूरचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे–बंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पूरजमिनीतून उंच भराव घालून रस्ता नेला की भराव पाण्याला आडवा येतो. वर फुगवटा वाढतो, रस्ताही शेवटी बुडतोच. अशा जागी मोऱ्यांची संख्या वाढवणं किंवा तेवढा टप्पा खांबांवर नेणं, आणि आजूबाजूला नवे भराव टाकू न देणं हे महामार्ग वाचवायचं काम आहे. नदीप्रेम वगैरे त्यानंतर.

घरांचं म्हणाल तर जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी रेषा असते, साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. आज जी घरं आत आहेत ती उद्या उठणार नाहीत. निदान नवी शाळा, नवी टाकी, नवा ट्रान्सफॉर्मर निळ्या रेषेच्या आत नको, एवढा ठराव ग्रामसभा आजही करू शकते.

गाळ काढला की पूर थांबतो, मग हे सगळं कशाला?

गाळ काढून उपयोग होतो, विशेषतः पुलाखाली आणि गावाजवळ. चिपळूणला २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढायची कामं झाली. पण गाळ येतो कुठून? वरच्या उघड्या डोंगरांवरून, खाणींतून, रस्त्यांच्या कापीव कडांवरून आणि तोच काढलेला गाळ काठावर ढीग लावून ठेवल्यावर पहिल्या पावसात परत नदीत. वर अनघड दगडी बांध, चर आणि गवत नसेल तर पोकलेनचं भाडं हा कायमचा खर्च समजा. शिवाय गाळाच्या नावाखाली नदीचा तळ कापून सरळ नाला केला, काठची झुडपं उपटली, तर काठ ढासळतो आणि गाळ वाढतो.

खारबंधाऱ्यासमोर तिवरं हवीत की नकोत? शेतकरी तर वैतागलेत.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

बंधाऱ्याच्या बाहेर, खाडीच्या अंगाला तिवरं हवीतच. शंभर मीटर रुंदीचं कांदळवन लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतं असं वेगवेगळ्या देशांतल्या मोजण्यांमध्ये आढळलं आहे. झाडांची दाटी आणि पाण्याची खोली यांप्रमाणे एवढा फरक पडतो. उधाणाच्या भरतीला वारा असला की बंधाऱ्याचा माथा आणि बाहेरची कड धुपते, आणि तिथूनच खांड पडते, म्हणजे बंधारा फुटतो. समोर दाट तिवर असेल तर तीच भरती बंधाऱ्यापर्यंत येते ती चढत येते, आपटत नाही. गोव्यातल्या खाजन शेतीतही (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीला बांध घालून केलेली शेती) बांधाबाहेरची कांदळं राखायची रीत जुनी आहे.

बंधाऱ्याच्या अंगात मात्र झाड नको. मूळ कुजलं की पोकळी राहते, खेकडे ती मोठी करतात, आणि एका उधाणात पाणी आरपार. बंधाऱ्याच्या माथ्यावर आणि आतल्या कडेला गवतच बरं. खेकड्यांची बिळं पावसाआधी चिखल-पेंढा ठोकून बुजवणं आणि उघाडीची (बंधाऱ्यातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप नीट बसते का पाहणं, ही कामं पूर्वी गाव मिळून करत असे. सरकारी बंधारा झाल्यावर ती कोणाचीच राहिली नाहीत.

शेतकऱ्यांचा राग आहे तो याच्या पुढचा. खांड पडते, दुरुस्ती दोन-तीन वर्षं होत नाही, खारं पाणी शेतात येऊन तिथे तिवर उगवतं, आणि मग ते तोडायला कायदा आडवा येतो. २००५ च्या आणि पुढे २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालांनी कांदळवनांना कडक संरक्षण दिलं. किनाऱ्यासाठी ते गरजेचंच होतं. हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा राखीव पट्टाही आहे. पण ज्याचं भाताचं खाचर सातबाऱ्यावर आहे आणि जागेवर नाही, त्याने तिवराला शिव्या दिल्या तर त्याला पर्यावरणाचा शत्रू ठरवू नये. खांड पहिल्याच हंगामात बुजवली असती तर हा वाद झालाच नसता. बाहेरचं कांदळवन राखायला गावाचा हात हवा असेल तर दुरुस्तीचा निधी वेळेत यायला हवा.

नवी लागवड करायची असेल तर जिथे आधी तिवर होतं आणि भरती-ओहोटीचं पाणी नीट खेळतं तिथेच. फिलिपिन्समध्ये समोरच्या उघड्या चिखलावर चुकीच्या जातीची लाखो रोपं लावली गेली, त्यातली फार थोडी जगली. खाडीचं तोंड मोकळं केलं तर बऱ्याच ठिकाणी बिया भरतीबरोबर आपोआप येतात, रोपवाटिकेची गरजच पडत नाही.

पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) धूपप्रतिबंधक बंधारा बांधावा की सुरू लावावी?

दगडी बंधारा मागची वाडी, रस्ता वाचवतो. पण लाट त्यावर आपटून परत फिरताना समोरची वाळू ओढून नेते आणि बंधारा जिथे संपतो तिथे शेजारच्या वाडीची धूप वाढते. मग शेजारची वाडीही बंधारा मागते. आमदार खूश, पुळण गायब.

सुरूचं बन वारा अडवतं, पण लाटेने पायाखालची वाळू काढली की रांगेने आडवं होतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्याने काय सोसलं ते सगळ्यांना आठवतंय. वाळूची टेकडी धरायला मर्यादवेल, किनाऱ्याचं गवत, त्यामागे केवडा, त्यामागे उंडी अशी चढती रांग हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टेकडी सपाट करून पार्किंग करू नका आणि वाळू उचलू नका. टेकडी हाच वाळूचा साठा आहे. वादळात ती झिजते, नंतर भरते.

जिथे रस्ता अगदी लाटेला टेकलाय तिथे दगड लागणारच.

खर्च किती येतो? आणि एस्टिमेटला बसतं का?

दर जिल्ह्यागणिक वेगळे, म्हणून इथे आकडा देत नाही. प्रमाण कळावं म्हणून एक उदाहरण. व्हिएतनाममध्ये १९९४ पासून रेड क्रॉसने सुमारे १२,००० हेक्टर कांदळवन लावलं आणि राखलं. खर्च सुमारे ११ लाख डॉलर, आणि समुद्री बांधांच्या देखभालीत दरवर्षी सुमारे ७३ लाख डॉलर वाचले. तिथेही बांध काढून टाकलेले नाहीत, तिवरं बांधापुढे आहेत.

एस्टिमेटसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी:५६ हे उतारांच्या धूप-नियंत्रणावरचं मार्गदर्शक आहे. त्याचा आधार घेतला की वरिष्ठ ‘हे कुठल्या दरसूचीत?’ विचारून फाइल परत पाठवायची शक्यता कमी होते. काथ्याची जाळीही ग्रामीण रस्त्यांत २०२० पासून मान्य आहे. उतारावर ती अंथरून मधून वाळा लावतात. दोन-तीन पावसाळ्यांत काथ्या कुजतो, तोवर मुळांनी काम हातात घेतलेलं असतं.

खरी अडचण बिलाची आहे. भिंत मोजमाप पुस्तिकेत घनमीटरमध्ये बसते, मार्चअखेर बिल निघतं. वाळा जूनमध्ये लागतो आणि जगला की नाही ते पुढच्या जूनमध्ये कळतं. निविदेतच हप्ते पाडा: लागवडीला काही, पहिल्या दिवाळीला सलग ओळ दिसली तर काही, दुसऱ्या पावसाळ्यानंतर उरलेले. ठेकेदार पहिल्यांदा कुरकुर करतो, मग नांग्या भरायला माणूस ठेवतो.

गुरं खातील, वणवा लागेल, त्याचं काय?

वाळ्याची जून पात गुरं फारशी खात नाहीत, कोवळी खातात. म्हणून पहिलं वर्ष राखण. वणव्याने वरची पात जळते, बुंधा पावसात परत फुटतो. झाडांच्या रोपांचं तसं नाही. त्यांना जाळपट्टा हवाच.

साप वाढतील अशी लोकांना भीती आहे.

कडेचं गवत वर्षातून दोनदा कापा, पायवाट मोकळी ठेवा. दगडी पिचिंगच्या फटींतही साप असतात, त्याबद्दल कोणी विचारत नाही.

मे महिना आहे, हातात पैसे नाहीत. या वर्षी काय करू?

कोसळलेल्या जागांच्या आधी पाण्याच्या वाटा चाला. भर पावसात छत्री घेऊन चाललात तर उत्तम, आत्ता मागच्या वर्षीच्या खुणा वाचा. गटार कुठे संपतं, तिथून पाणी भरावावर पडतं की पऱ्यात जातं, कुठल्या मोरीच्या तोंडाशी प्लास्टिक आणि माती साठलीय, कुठे घळ पडायला सुरुवात झालीय. प्रत्येक जागेचा फोटो एकाच ठिकाणी उभं राहून काढा, पुढच्या वर्षी तिथूनच पुन्हा. मग मोऱ्या साफ करा, माथ्यावरचं गटार उघडा, जिथे पाणी थेट भरावावर पडतं तिथे दगड रचा. मजुरीसाठी रोजगार हमीतून काय बसतं ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा.

ठोंबांसाठी आत्ताच कृषी विद्यापीठ, वन विभागाची रोपवाटिका किंवा वाळा लावणारा एखादा शेतकरी गाठा, कारण जूनमध्ये सगळेच मागतात. सगळा उतार घेऊ नका. सगळ्यात वाईट एकच भराव निवडा, त्यावर दोन सलग ओळी लावा. त्याच ओळींतून दोन वर्षांनी पुढच्या भरावाचे ठोंब निघतील.